मदत हवी आहे: साकवापलीकडचं घर, स्टीलची फ्रेम आणि माटोळी

सत्तरीची सून

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच विचारायला आले. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

आमचं घर गोव्यात, सत्तरीत, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) आत. रस्त्यापासून घरापर्यंत दीडेकशे मीटर पायवाट आणि मध्ये ओहोळावर साकव. साकवावरून स्कूटर जाते, रिक्षा जात नाही. पुढचा भाग चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा), आजेसासऱ्यांनी बांधलेला. मागच्या दोन खोल्या मातीच्या होत्या. गेल्या पावसात मागची भिंत बसली. दुपारची वेळ होती म्हणून वाचलो, रात्री तिथे माझी मुलगी झोपते.

आता त्या जागी दोन खोल्या बांधायच्या आहेत, मिळून साडेचारशे चौरस फूट. एक मुलीची. दुसरी मोठी, चतुर्थीला गणपती बसतो ती. छप्पर कौलांचंच राहणार, यात घरात दुमत नाही.

दुमत आहे ते भिंतींवर. आबा (सासरे) म्हणतात चिरा. पण प्रत्येक चिरा रस्त्यावर उतरवून डोक्यावरून साकवापलीकडे आणायचा. टेम्पोवाला चिऱ्याचा दर सांगतो आणि मग तेवढ्याच सहजपणे वाहणावळीचा. रेतीच्या टंचाईचं तर इथे कोणाला सांगायला नको. पुण्याला असलेल्या माझ्या भावाने हलक्या स्टीलच्या फ्रेमवर बोर्ड लावून उभं केलेलं ऑफिस पाहिलं, तेव्हापासून तो मागे लागलाय.

दोन माणसं येऊन गेली. जवळचा फॅब्रिकेटर म्हणाला, दोन इंची चौकोनी पाइप वेल्ड करून देतो, वर सिमेंटचे बोर्ड, पंधरा दिवसांत काम. दुसरा एका कंपनीचा, नमुन्याचा तुकडा घेऊन आलेला. सी आकाराची पातळ पट्टी, मी हाताने उचलली तर काहीच वजन नाही. पावसाचं विचारलं तर म्हणाला, काही होणार नाही. सगळ्यात जास्त पावसाच्या जागी कुठे बांधलंय विचारलं तर म्हणाला, हैदराबाद.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. एक, गंज. दोन, नव्या हलक्या भिंतीचा जुन्या चिऱ्याच्या भिंतीशी सांधा कसा करायचा, तिथून पाणी शिरणारच अशी मला खात्री वाटते. आणि तीन, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट. ती कशाला टांगायची? कंपनीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पंखा लागतो तर हे का नाही लागणार?" वजन किती, असं त्याने विचारलं, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

डिचोलीकर

ताई, चाळीस वर्षं बांधकामात काढली. चिऱ्याला तोड नाही. चार मजूर, आठ दिवस, संपलं वाहतुकीचं काम. पत्र्याच्या डब्यात गणपती बसवू नका.

वीजाग्र

डिचोलीकर, आठ दिवस? मी हिशेब करून बघतो. मूळ फोंड्याचा, सध्या बाहेर असतो, काम स्ट्रक्चरलचं.

नव्या भिंतींची लांबी वीस मीटर धरू, उंची तीन. दारं-खिडक्या वजा जाता पन्नास चौरस मीटर. नऊ इंची चिऱ्याची भिंत चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो. म्हणजे चोवीस टनांच्या आसपास, आणि एक चिरा तीस किलोच्या घरात, म्हणजे साकवावरून आठशे फेऱ्या. शिवाय रेती, सिमेंट, पाणी. तेच हलकी स्टील फ्रेम आणि दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटर फायबर सिमेंट बोर्ड घेतले तर सगळं मिळून तीन टनांच्या आत. आठ बाय चार फुटी एक बोर्ड तेहेतीस-चौतीस किलोचा, दोघांनी उभा धरून न्यायचा.

तुमच्या भावाने दाखवलेल्या गोष्टीखेरीज आणखी दोन-तीन पद्धती कोणीतरी सुचवीलच, म्हणून आधीच निकालात काढतो. काचतंतू घातलेल्या जिप्समचे पॅनेल आहेत, ऑस्ट्रेलियात निघाले, आपल्याकडे आयआयटी मद्रासने त्यावर खूप काम केलं. खतकारखान्यातून उरणाऱ्या जिप्समपासून बनतात, कल्पना मला फार आवडते. पण एक पॅनेल बारा मीटर लांब, तीन मीटर उंच, चौरस मीटरला चव्वेचाळीस किलो. आख्खं पॅनेल दीड टनावर जातं. कापून आणलं तरी उभं करायला क्रेन लागते. तुमच्या पायवाटेवर क्रेन म्हणजे आधी वीस माडी (सुपारीची झाडं) तोडा.

थर्मोकोलच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी वेल्डेड जाळी लावलेलं पॅनेल साकवावरून मजेत जाईल, पण त्यावर दोन्हीकडून सिमेंट-रेतीचा मारा करावा लागतो. म्हणजे पुन्हा रेती. एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटचे) हलके आहेत, पण पाणी पितात, आणि सत्तरीच्या पावसात गिलाव्याला केसाएवढी चीर गेली की संपलं.

तेव्हा फ्रेमच. पण फॅब्रिकेटरची वेल्डिंगवाली नव्हे. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण गंजाचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

त्या पातळ पट्टीवर जस्ताचा थर असतो. झेड २७५ असं लिहिलेलं असेल तर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. केसापेक्षा पातळ. तरी ते काम करतं, कारण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पट्टी कापली तर कापलेल्या कडेलाही शेजारचं जस्त सांभाळून घेतं. पण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ ला उकळतं. वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणजे जिथे दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात, जिथे सगळा जोर येतो, नेमक्या त्याच जागेवरचं जस्त तुम्ही वाफ करून उडवता. मग वरून लाल रंगाचा हात. दुसऱ्या पावसात सांध्याभोवती तपकिरी वर्तुळ दिसतं.

म्हणून या पद्धतीत जोड स्क्रूचा. टोकालाच ड्रिल असलेला स्क्रू, स्वतः भोक पाडतो, स्वतः आटे पाडतो. तो पलीकडे निदान तीन आटे बाहेर आलेला दिसला पाहिजे. आणि मशीनने फार आवळला तर पातळ पत्र्यातले आटे फाटतात, स्क्रू नुसता गरगर फिरतो. काम चालू असताना हातात पेचकस घेऊन दहा-वीस स्क्रू स्वतः तपासा, कोणाला काही वाटू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचा जोड, जो कंपनीवाल्याने तुम्हाला दाखवलाही नसेल: भिंतीचा तळ. चिऱ्याचं घर बसतं. हलकं घर उडतं. गोव्यासाठी बांधकामाच्या संहितेत वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गेलं तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि दारांच्या बाजूंना उभ्या पट्टीला धरून ठेवणारं जाड पत्र्याचं पादत्राण हवं, त्याला होल्ड-डाउन म्हणतात. त्यातून बोल्ट थेट जोत्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात. चिऱ्यात नव्हे. चिरा सच्छिद्र, आत पोकळ्या, बोल्ट ओढला की भुगा होऊन हातात येतो.

माशेलकर

वीजाग्र यांच्या पादत्राणावरून आठवलं. माझा धंदा सुतारकीचा. छपराच्या वाशांचंही हेच. कौलांचं छप्पर जड म्हणून आपले लोक वासे नुसते टेकवतात, एखादा खिळा मारतात. भिंती हलक्या केल्या तरी छप्पर जड, मग वारा आल्यावर ताण कुठे जाणार ते बघा. वासा ते भिंत, भिंत ते जोतं, अशी साखळी तुटता कामा नये.

माटोळीबद्दल अनुभव सांगतो. पर्वरीला एका फ्लॅटमध्ये मी माटोळीची चौकट करून दिली. घरच्यांनी हौसेने जिप्समचं छत केलेलं. छत करणाऱ्याने चार हूक त्या छताच्या पट्टीलाच अडकवले. पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूला बोटभर झोळ. आरती चालू असताना मी आणि त्यांचा भाऊ दोन स्टुलांवर उभे राहून चौकट हातांनी धरून होतो. देवासमोर तेवढी सेवा घडली म्हणायचं.

सत्तरीची सून

माशेलकर दादा, हसले खरी, पण मला नेमकी हीच भीती आहे.

वीजाग्र, आठशे फेऱ्यांचा आकडा आबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण चहा घेतला. हे आमच्या घरात अर्धं हो असतं.

जुन्या भिंतीच्या सांध्याचं राहिलं. आणि मुलीच्या खोलीत एसी लावायचा विचार आहे. कंपनीवाला म्हणतो आतल्या बोर्डामागे प्लॅस्टिकचा कागद घालतो, म्हणजे ओल येणार नाही.

वीजाग्र

प्लॅस्टिक आत नको! ही थंड देशांतली रीत तशीच उचलून आणलेली. तिथे घर आतून गरम असतं, दमट हवा आतून बाहेर जाते, म्हणून कागद आतल्या बाजूला. आपल्याकडे एसी चालू असताना बाहेरची दमट हवा आत घुसते. आतल्या बोर्डामागे कागद घातलात तर तिला तो थंड कागद भेटतो आणि भिंतीच्या पोटातच पाणी होतं. लोणच्याच्या बरणीवरचं झाकण आतून ओलं होतं ना, तसं, फक्त इथे झाकण उघडायला भिंत फोडावी लागते. पाणी अडवणारा थर बाहेरच्या बोर्डामागे, आणि त्या बोर्डाच्या मागे बोटभर पोकळी, खाली-वर उघडी. खालच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर उंदीर आणि उंदरांमागून साप.

जुना सांधा: नव्या भिंतीला जुन्या भिंतीशी घट्ट बांधूच नका. जुनी भिंत मातीच्या लगद्यात असेल तर ती पावसागणिक थोडी हलते. पाव-अर्धा इंच नव्हे, चांगली इंचभर फट सोडा. त्यावर पत्र्याची घडी, तिची एक कड जुन्या भिंतीत खाच पाडून बसवलेली, दुसरी नव्या भिंतीवर नुसती टेकलेली, मोकळी. सिलिकॉन भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि जिथे जस्ताचा पत्रा ओल्या सिमेंटला लागतो तिथे मध्ये डांबरी पट्टी घाला, ओलं सिमेंट जस्ताला खातं.

डिचोलीकर

मी एकटाच जुन्या मताचा दिसतो. बरं, एक ऐका. तुमच्या जुन्या भिंतीवर पावसाळ्यानंतर लाल शिंतोड्यांची रेघ कुठपर्यंत चढते ते बघा. गुडघ्यापर्यंत चढत असणार. तेवढी दोन फूट भिंत तरी चिऱ्याची करा, वर काय ते तुमचं स्टील. दोनशे चिरे पुरतील.

वीजाग्र

डिचोलीकरांचं हे शंभर टक्के बरोबर, मला सुचायला हवं होतं. दोन फूट चिरा, त्यावर काँक्रीटचा पट्टा, त्यात बोल्ट, त्यावर फ्रेम. स्टीलचा तळ शिंतोड्यांच्या वर गेला की त्याचं निम्मं दुखणं गेलं. मात्र होल्ड-डाउनखालच्या जागी पट्ट्यातली सळी चिऱ्यांमधून सरळ पायापर्यंत उतरवा. नाहीतर वारा घरासकट पट्टा उचलेल.

आणि आबांसाठी एक गोष्ट. ज्या मंगलोरी कौलाबद्दल तुमच्या घरात दुमत नाही, तेसुद्धा बाहेरून आलेली जोडणीच. खाचेत खाच बसणाऱ्या कौलाचं पेटंट अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतलं, आणि १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला. तेव्हाही कोणीतरी शाकारलेलं छपरच बरं म्हणालं असेल.

कंपनीवाल्याकडे मागायचं ते एवढंच: पत्र्यावरच्या जस्ताचा आकडा, आयएस ८०१ (पातळ पत्र्याच्या स्टीलची भारतीय संहिता) प्रमाणे केलेलं गणित, आणि त्यांच्या पद्धतीला बीएमटीपीसीचं (बांधकाम साहित्य आणि पद्धती तपासणारी केंद्र सरकारची संस्था) प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत. २०२१ मध्ये ज्या सहा शहरांत लाइट हाउस प्रकल्प (नव्या पद्धतींनी बांधायची सरकारी घरं) सुरू झाले त्यांत आगरतळ्याला हलक्या स्टीलचीच पद्धत घेतली, तीही पावसाची जागा. माटोळीचं वजन मला सांगा, तिच्यासाठी छताच्या वर दोन जोडपट्ट्या आडव्या टाकायच्या आणि हूक त्यातून आरपार बोल्टने. बोर्ड लावायच्या आधी. नंतर जागा सापडत नाही.

सत्तरीची सून

देव बरें करूं, सगळ्यांना.

कंपनीवाल्याला जस्ताचा आकडा विचारला, तो म्हणाला विचारून सांगतो. फॅब्रिकेटरला नाही म्हटलं.

काल आबांनी सुपारी तोलायचा काटा मागच्या पडवीत टांगला. नारळाची पेंड, सुपारीचे दोन घोस, केळीचा घड असं एकेक तोलत गेले. तोरिंग, चिबूड, कवंडाळं ही माटोळीची फळं आत्ता नाहीत, ती अंदाजाने धरली. लाकडाची चौकटही माळ्यावरून उतरवून तोलली. बासष्ट किलो झाले. मग म्हणाले, "पासष्ट लिही. आणि त्याला सांग, आरतीच्या वेळी कोणीतरी चौकटीला हात लावून उभं असतंच."

वीजाग्र

दोनशे धरतो.