गिऱ्हा, वाळीत टाकलेलं घर आणि काळोखी प्रेमकथा: उत्तरार्ध ढेपाळतोय

ओलीवाट (प्रश्न)
कादंबरिका आहे, साधारण 40,000 शब्दांची. स्थळ रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी, नाव मुद्दाम दिलेलं नाही. नायिकेचं घर वाळीत टाकलेलं. नायक म्हणायचा तर खाडीतला गिऱ्हा, म्हणजे पाण्यात बुडालेल्याचं भूत. पहिले 15,000 शब्द वाचणारे एका बैठकीत संपवतात, पुढे सगळ्यांची एकच तक्रार: 'हा आता भूत वाटत नाही, शिकलासवरलेला चांगला मुलगा वाटतो.' तो तिचा केस शेवटच्या प्रकरणात परत मिळवतो. त्याआधी पौर्णिमेच्या मध्यरात्री ती आटलेली खाडी चालत ओलांडते, तिथे दोघं पहिल्यांदा जवळ येतात. संवाद मालवणीत आहेत. 100 प्रती स्वखर्चाने छापायच्या आहेत. कुठे काय बिघडलंय?

शिवेवरचा
'तिचा केस' नव्हे, त्याचा केस. प्रश्नात घाईने लिहिलं असेल तर ठीक, पण मसुद्यातही उलटं असेल तर सगळी गोष्टच उलटी होते. समजूत अशी: गिऱ्हा पाण्यात राहतो, रात्री उतारूला भुलवून खोल पाण्याकडे नेतो, आणि पाण्याबाहेर त्याचं बळ चालत नाही. त्याचा केस कुणाच्या हाती लागला तर तो रात्री त्या माणसाच्या दाराशी येऊन केस परत मागतो आणि बदल्यात सांगाल ते काम करतो. गावागणिक तपशील बदलतात, पण सांगाडा हाच घ्या.

काळोखी प्रेमकथेला याहून चांगलं यंत्र मिळणार नाही. केस तिच्या पेटीत आहे तोवर त्याचा होकार हा होकार नाही. तो गोड बोलतो ते तिच्यासाठी की केसासाठी, हे तिला कळत नाही आणि वाचकालाही कळता कामा नये. म्हणून केस शेवटच्या प्रकरणात परत देऊ नका. 27-28 हजार शब्दांच्या आसपास द्या. पुढचे 12,000 शब्द तो मोकळा आहे, ती कंबरभर पाण्यात उभी आहे, आणि बुडवणं हा त्याचा स्वभाव आहे. आत्ता तुमच्याकडे भीती आधी संपते आणि प्रेम मग सुरू होतं. ढेपाळतं ते इथेच.

त्याला माणसाळवू नका, म्हणजे एक सवय शेवटपर्यंत तशीच ठेवा. उदाहरणार्थ, तो पडवीत उभा राहून गेला की सकाळी सारवणावर मिठाची पांढरी कड उरते. पहिल्या भेटीत ती कड भीतीदायक, मधल्या भागात ती पायाने पुसते, शेवटी झाडूच मारत नाही. एवढ्यात नातं सांगून होतं. तो बुडाला कसा याला एक परिच्छेद पुरे, त्यात पुन्हा फसलेलं प्रेम नको. मुंजा, देवचार यांनाही आणू नका. मुंजा पिंपळावरचा. देवचार शिवेचा राखणा, तो आला की पंचासारखा न्यायनिवाडा करत बसतो.

जबरदस्ती, बुडून मृत्यू असे प्रसंग असतील तर आतल्या पहिल्या पानावर दोन ओळींत स्पष्ट सूचना टाका. या प्रकारच्या वाचकांना ती हवी असते.

भांग
पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी आटलेली नसते. किनाऱ्यावरचा कोणीही वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा 15, म्हणजे सव्वाअकरा. ढोबळ धरा, खाडीच्या मुखापासून आत जाल तसा उशीर वाढतो. तेव्हा मध्यरात्री उधाणाची भरती असते. साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी. मग अष्टमी घेतली तर? भरती सहाला, ओहोटी बाराला, वेळ जमते. पण अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं उतरतच नाही, पायी जाता येणार नाही.

वद्य द्वितीया किंवा तृतीया घ्या (वद्यात मोजणी पुन्हा एकपासून). भरती दीड ते सव्वादोन, ओहोटी संध्याकाळी पावणेआठ ते साडेआठ. उधाणाचा जोर अजून आहे म्हणून पाणी खूप उतरतं, आणि चंद्र त्याच सुमारास सह्याद्रीच्या बाजूने वर येतो. ती काळोखात उतरेल, मध्यावर पोचेल तेव्हा उजेड. परतायला मात्र तासाभराच्या वर उसंत देऊ नका. आणि तळ म्हणजे वाळू नव्हे, मऊ गाळ; त्यात पाय पोटरीपर्यंत रुततो. कांदळवनाच्या कडेने गेली तर चिपीची वर आलेली मुळं तळव्यांना टोचतात. ती तिथून धावू शकत नाही, हे प्रसंगाला उपयोगीच आहे.

पाखाडी
'भांग' यांनी वर सुचवलेल्या वद्य तिथीला धरून एक सुचतं. प्रसंग फाल्गुनात न्या. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालख्या घरोघर फिरतात. वाळीत टाकणं म्हणजे लोक टोमणे मारतात असं नव्हे. गाऱ्हाण्यात (देवापुढच्या सामूहिक विनवणीत) घराचं नाव घेत नाहीत, मयताला खांदा देत नाहीत, बोलणाऱ्याला दंड. अंगण सारवलेलं, ओटीचं ताट तयार, ढोल जवळ येतो आणि पालखी पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) तशीच पुढे जाते. त्याच संध्याकाळी ती खाडीत उतरते. मग तिला भुलवावं लागत नाही.

काळ कुठला तेही ठरवा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कथा त्यानंतरची असेल तर गावकी कागदावर काही ठेवणार नाही. 'आम्ही कुठे अडवलंय?' असंच म्हणेल. ते जास्त भयानक वाटतं.

मालवणी मात्र काढा. ती सिंधुदुर्गाकडची. रत्नागिरीच्या खाडीवर 'माका-तुका' खटकतं, तिथे संगमेश्वरी वळण हवं, तेही बोलण्यापुरतं. गिऱ्ह्याला तर बोलीच देऊ नका. त्याला तेवढेच शब्द येऊ द्या जे पाण्यावरून ऐकू येतात: होडीच्या धक्क्यावरच्या हाका, होडीतले हुकूम. 'ये', 'धर', 'सोड', 'पाय टाक'. प्रेमही त्याने एवढ्यातच करायचं. 'शिकलेला मुलगा' आपोआप जाईल.

सोळापानी
छपाईचं. डेमी आकारात पानावर 270 शब्द धरा, म्हणजे 148 पानं. पुढची आठ मिळवून 156. फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) 16 पानांचा, तेव्हा 160 वर न्या, बरोबर दहा फर्मे. 100 प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल करा. कण्याची जाडी कागद ठरल्यावर छापणाऱ्याकडूनच घ्या, साधारण आठ मिलिमीटर येईल. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो.

किंडलवर भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्ट या तिथल्या योजनेत जावं लागतं. त्यात 90 दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे देता येत नाही, म्हणून एखाद्या अ‍ॅपवर क्रमशः चालू असेल तर आधी ते उतरवा.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर वेलांट्या सुटतात. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणत असाल तर 'ऱ्ह' हमखास मोडतो आणि 'गिर्हा' होतो, रफार ह वर. तुमच्या पुस्तकात तो शब्द पानोपानी असणार. पीडीएफ नव्हे, मूळ फाइलमध्ये शोधा, आणि 'गाऱ्हाणं'ही तपासा.