स्तनांच्या लिफ्टसोबत इम्प्लांट: २७५ सीसी की ३५०?

ठाणेकर_आई:
वय ३९. दोन्ही मुलांना अंगावर पाजलं, मग वजन १४ किलोंनी उतरलं आणि छाती पार ओघळली. डॉक्टरांनी स्तनाची रुंदी साडेबारा सेंटिमीटर मोजून २७५ सीसीचं (म्हणजे मिलिलिटरचं) इम्प्लांट सुचवलंय. मला वरचा भाग भरलेला हवाय, म्हणून मन ३५० वर अडलंय. लिफ्ट (ओघळलेले स्तन वर उचलायची शस्त्रक्रिया) आणि इम्प्लांट दोन्ही एकत्र केलेल्या कुणी आहात का?

निळी_शाई:
अगं, मीही ३५० लाच हटून बसले होते. लिफ्टमध्ये त्वचा कापून घट्ट करतात आणि इम्प्लांट तीच त्वचा आतून ताणतं. जितकं मोठं, तितका टाक्यांवर ताण. व्रण रुंदावतात, स्तनाग्राचा रक्तपुरवठाही धोक्यात येऊ शकतो. शिवाय सिलिकॉनचं वजन सीसीमागे साधारण एक ग्रॅम. अंदाज यावा म्हणून मापाच्या भांड्याने तेवढेच सीसी तांदूळ मोजून मोज्यांत भर आणि ब्रामध्ये घालून दिवसभर वावर. मी पोळ्या लाटल्या, तीन जिने चढले आणि दुपारी चारला ते मोजे काढून ओट्यावर ठेवले. खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. शेवटी २५० घेतलं. दोन वर्षं झाली, समाधानी आहे.

रेवा७:
मोठंच हवं असेल तर आधी फक्त लिफ्ट आणि काही महिन्यांनी इम्प्लांट, असं दोन टप्प्यांत होईल का ते विचार. मी तसंच केलं. खर्च वाढला, पण घाई केली नाही याचं बरं वाटतं.

ठाणेकर_आई:
रक्तपुरवठ्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी आधी तेच विचारते. तांदूळ आत्ताच मोजायला घेतलेत.