हॅमार्शिया : दोष, प्रमाद की चूक?

तिसरी घंटा : सोफोक्लीसच्या 'इडिपस' या ग्रीक नाटकावर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहितेय आणि 'हॅमार्शिया'पाशी अडलेय. नायकाला विनाशाकडे नेणारं जे काही असतं, त्याला अ‍ॅरिस्टॉटलने दिलेलं हे नाव. मराठीत काय म्हणावं? मी 'स्वभावदोष' लिहिलं होतं. सहकाऱ्यांनी खोडून 'प्रमाद' केलं. त्यांचं म्हणणं, दोष माणसात असतो, प्रमाद हातून घडतो. ते पटलं. पण प्रमाद म्हटला की बेफिकिरी आली, आणि बापाच्या हत्येचं भाकीत खोटं ठरावं म्हणून जो कोरिंथ सोडतो तो बेफिकीर कसा? तुम्ही काय वापरता?

पानझड : प्रमादात 'मद्' आहे, भान सुटणं. तिठ्यावर रथातला म्हातारा (त्याचा खरा बाप, पण हे त्याला ठाऊक नाही) डोक्यात टोला हाणतो आणि हा त्याला सोबत्यांसकट मारतो. भान सुटलंच की. प्रमाद बरोबर आहे.

वाटसरू : मुळातल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे. आपलं 'चुकणे' हुबेहूब तेच! नेम चुकतो, वाट चुकते, ठोका चुकतो. आजी कळपातून मागे राहिलेल्या वासराला 'चुकार' म्हणायची, त्यात वासराला बोल नसायचा. सरळ 'चूक' लिहा.

पानझड : चूक वहीतली, लाल शाईने गोल केलेली. राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो त्याला तोच शब्द? वजन नको का?

वाटसरू : वजन वापरातून येतं. नाटकातल्या उलटफेरासाठी, 'पेरिपेटिया'साठी, 'कलाटणी' घ्या. कोरिंथचा दूत इडिपसची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्याने सगळं उलटतं. अ‍ॅरिस्टॉटलने हेच उदाहरण दिलंय. तिथे 'विपर्यय' लिहून कुणाला काय कळणार?

नांदी : 'स्खलन' का नको? अडखळणं, ठेच. इडिपस म्हणजे सुजलेल्या पायांचा. शब्द त्याच्या पायातच आहे!

तिसरी घंटा : ठेच सुंदर आहे. पण स्खलन आता फक्त नीतीचं उरलंय. मुलं लगेच जोकास्टाकडे, आईशी नकळत झालेल्या लग्नाकडे जातील. शोकांतिका शिकवताना तेच टाळायचंय.

नांदी : शोकांतिका नव्हे, शोकात्मिका. शोक शेवटात नाही, घडणीत असतो. ग्रीक नाटककार एस्किलसच्या ओरेस्तेस-त्रयीचा, तीन शोकनाट्यांच्या मालिकेचा, शेवट तर समेटाचा आहे.

पानझड : रूढ शब्द कशाला मोडायचा? शोकांतिका सगळ्यांना कळते.

वाटसरू : मग चूकही सगळ्यांना कळते, पानझड. तिथे वजन हवं आणि इथे रूढी?

पानझड : रूढ पारिभाषिक शब्द वेगळा, नवा घडवायचा वेगळा. शिवाय 'आत्मिका' कानाला आत्म्याकडे नेते.

नांदी : मग 'भावात्मक'चं काय करणार? त्यातही 'आत्म' आहेच.

तिसरी घंटा : 'इडिपसची चूक' लिहून पाहिलं, ती त्याच्या मालकीची झाली. 'इडिपस चुकला' म्हटलं की तिठा दिसतो. पण मथळ्याला नाम लागतं. कुणी सुचवेल का?

नांदी : 'भावात्मक'चं उत्तर राहिलं, पानझड.