मागणे फार मोठे वाटते तेव्हा 'तुझी इच्छा असेल तर' हा विश्वास आहे की पळवाट?

धागाकर्ती (अहिल्यानगर)

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी आळीपाळीने कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा होते. आरंभी विनंत्या विचारल्या जातात आणि एक भगिनी त्या वहीत उतरवून घेते. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांसाठी विनंती देण्याची वेळ माझ्यावर आली. त्यांचे वय ४१ आहे आणि पदरी दोन लहान मुली आहेत. हाताला येणारा अशक्तपणा मणक्यामुळे असावा, असे आम्ही वर्षभर समजत होतो, पण अखेर निदान झाले ते मोटर न्यूरॉन डिसीजचे. हा आजार पुरता बरा करणारे औषध आज नाही आणि जी गोळी आहे ती त्याचा वेग थोडासा कमी करते, असे डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितले.

मी विनंती दिली ती अशी : 'घरच्यांना धीर मिळावा, डॉक्टरांना ज्ञान मिळावे आणि प्रभूच्या इच्छेप्रमाणे व्हावे.' वहीत ती तशीच लिहिली गेली आणि मंडळीने तशीच प्रार्थना केली. घरी परतताना थोरल्या पुतणीने मला विचारले, "काकू, पप्पा बरे व्हावेत असे तुम्ही मागितलेच नाही ना?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, कारण मी खरोखरच तसे मागितले नव्हते. त्या क्षणी मला ती नम्रता वाटली होती, परंतु नंतर एकटी बसून विचार केला तेव्हा लक्षात आले की ती भीती होती. मागावे आणि मिळू नये, मग त्या मुलींना काय सांगावे, या भीतीने मी आधीच मागणे इतके लहान करून ठेवले होते की उत्तर मिळाले किंवा न मिळाले तरी कोणाला कळू नये. यरीहोच्या वाटेवर बसून भीक मागणाऱ्या बार्तिमयाला येशूने 'मी तुझ्यासाठी काय करावे?' असे विचारले, तेव्हा त्याने चार नाणी मागितली नाहीत, त्याने दृष्टी मागितली, आणि तीही लोक त्याला गप्प बसवत असताना. आपण मंडळीत 'तुझी इच्छा असेल तर' हे शब्द पुष्कळदा आपल्या अविश्वासावर पांघरूण घालण्यासाठी वापरतो, असे माझे मत झाले आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

सोलापूरचा एक शिक्षक

ताई, सलाम. तुमचे दुःख मी समजू शकतो, पण तुमचे मत मला मान्य नाही. का नाही, ते सांगण्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा बाहेरून आलेले एक सुवार्तिक (धर्मप्रचारक) आमच्याकडे उपास-प्रार्थनेला आले. बायबलमधल्या मार्क ११:२४ चे 'मिळालेच आहे, असा विश्वास धरा' हे वचन वाचून त्यांनी तिला सांगितले की आजपासून तू स्वतःला रोगी म्हणायचे नाही. तिने ते मनापासून घेतले. केमोथेरपी चालू होती, केस गेले होते, तरी ती येणाऱ्या प्रत्येकाला 'मी बरी झाले आहे' असे सांगत असे. पुढे आजार हाडांपर्यंत गेला. वेदना होत असत, परंतु ती मला सांगत नसे, कारण वेदना बोलून दाखवणे म्हणजे संशय धरणे, असे तिच्या मनावर बिंबले होते. रात्री ती उशीत तोंड दाबून कण्हत असे आणि मी दिवा लावला की डोळे मिटून घेत असे. ती गेल्यावर त्याच गृहस्थांनी कोणाला तरी म्हटल्याचे माझ्या कानावर आले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा. तो 'कोणाचा तरी' म्हणजे मी, असे धरून मी पुढची दोन वर्षे काढली.

म्हणून 'तुझी इच्छा' हे शब्द मला पांघरूण वाटत नाहीत. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने ते उच्चारले आहेत. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळाले ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढेच. या दोघांचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? मोठे मागणे मागायला शिकवणाऱ्यांनी, ते न मिळाल्यावर मागणाऱ्याचे काय होते, हे पाहायला त्याच्या घरी नंतरही जावे.

केडगावजवळची वाचक

दादा, तुमच्या पत्नीवर जे लादले गेले त्याचे समर्थन कोणीही करू नये. तरीही मी ताईंच्या बाजूने लिहीत आहे, आणि त्याचे कारण माझ्या गावाशेजारीच आहे.

पुढे केडगावी ज्यांचे काम उभे राहिले त्या पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत १८९६ सालच्या लोणावळ्याच्या शिबिराची हकिकत दिली आहे. शारदा सदन या त्यांच्या पुण्यातल्या शाळेतल्या सुमारे पंधरा मुली तोवर विश्वासात आल्या होत्या. त्या आनंदात, पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधराच्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे मागावे हे त्यांच्या मनात आले. लगेच हिशेबही मनात आला की आपल्या शाळेत फार तर पन्नास-साठ मुली मावतील, मग सव्वादोनशे कोठून येणार? आपले मागणे अवास्तव आहे, हे त्यांना पूर्ण दिसत होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. तेव्हा त्यांना यिर्मया ३२:२७ मधले 'मला काही अवघड आहे काय?' हे वचन आठवले आणि त्यांनी ते वचन आपल्या विनंतीसह लिहून ठेवले. वर्षभरात ती संख्या भरली.

या हकिकतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की 'हे कसे होणार?' हा प्रश्न मनात उभा असतानाच त्यांनी आकडा लिहिला. प्रश्न मिटल्यावर मागू, असे त्या म्हणाल्या असत्या, तर तो कागद कोराच राहिला असता.

इतिहासाचा विद्यार्थी, पुणे

ही हकिकत मलाही प्रिय आहे, पण ती अर्धी सांगून थांबू नये. त्या मुली आल्या त्या मध्य प्रांतातल्या १८९६-९७ च्या दुष्काळामुळे. रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळातच गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या स्वतः उठून त्या भागात गेल्या आणि अनाथ, सांगाडे झालेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात जागा पुरेना, प्लेगचे दिवस आले आणि पुणे जिल्ह्यातल्याच केडगावच्या शेतावर मुलींची सोय करावी लागली. रमाबाईंनी केलेल्या प्रार्थनेची किंमत त्यांना पुढे उरलेल्या आयुष्यभर भरावी लागली. एखाद्या ठिकाणचे मरण दुसऱ्या ठिकाणच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून सांगताना माझी जीभ तरी अडखळते, आणि ती अडखळावी असेच मला वाटते.

शिवाय त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी त्यांच्या कामाची वारस होणार होती, ती जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. २२५ च्या आकड्यावरून विश्वासाचे माप काढायचे, तर १९२१ च्या त्या जुलैचे काय करायचे? मधल्या पंचवीस वर्षांत त्यांचा विश्वास घटला होता, असे मानायला मी तयार नाही, कारण मुलगी गेल्यावरही बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही आणि मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले.

उपासक

चर्चा भावनेकडे झुकत आहे, म्हणून शास्त्रवचनाकडे लक्ष वेधतो. 'काही संशय न धरता विश्वासाने मागावे' असे याकोब १:६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे आणि संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. अशा माणसाने आपणाला प्रभूपासून काही मिळेल असे समजू नये, असेही पुढच्याच वचनात आहे. हे कठोर वाटले तरी वचन आहे, आणि आपल्या अनुभवासाठी ते सौम्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

निवृत्त पाळक

वचन सौम्य करू नये, हे मान्य आहे. तसेच ते त्याच्या जागेवरून उचलूही नये. याकोबाच्या पत्रात त्याच्या आधीचे वचन ज्ञान मागण्याविषयी आहे, आणि तिथला दुचित्ता मनुष्य देवाकडेही मागतो व दुसरीकडेही पाय ठेवून असतो. शय्येवर पडलेल्या माणसाच्या भीतीविषयी ते लिहिलेले नाही. भिणाऱ्या माणसाविषयी वाचायचे तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ वाचावा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती. तो सुटून दारात उभा राहिला आणि दासीने आत येऊन सांगितले, तेव्हा त्याच प्रार्थना करणाऱ्यांनी तिला 'तू वेडी आहेस' म्हटले. आपल्याच मागण्याच्या उत्तरावर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनाही उत्तर मिळाले होते. आणि त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेला आहे. त्याच्यासाठी त्याच मंडळीने कमी कळकळीने प्रार्थना केली, असे तिथे लिहिलेले नाही. त्रेचाळीस वर्षे सेवा करूनही ही दोन वचने एकाच पानावर का आहेत, याचे उत्तर मी कोणत्याही प्रेतयात्रेत देऊ शकलो नाही, आणि जो देतो त्याच्यापासून मी लोकांना जपतो.

आता ताईंसाठी. पवित्र शास्त्रात येशूपुढे दोन माणसे 'जर' घेऊन येतात. मार्काच्या नवव्या अध्यायात भुताने पछाडलेल्या मुलाचा बाप म्हणतो, आपल्या हातून काही होण्यासारखे असेल तर करा. त्याचा संशय सामर्थ्याविषयी आहे, आणि येशू त्याला टोकतो, तेव्हा तो ओरडून म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' त्याचा मुलगा त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर बरा होतो. पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी मात्र म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. सामर्थ्याविषयी त्याला शंका नाही, इच्छा त्याने प्रभूवर सोपवली आहे, आणि तरी आपल्याला काय हवे आहे ते त्याने पुरते सांगितले आहे. गेथशेमानेतही तसेच आहे : 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' हे आधी आहे, 'तुझ्या इच्छेप्रमाणे' हे नंतर. तुमच्या वहीतल्या विनंतीत दुसरा भाग होता, पहिला नव्हता. मला वाटते, तुमची पुतणी तेवढेच म्हणत होती.

सोलापूरचा एक शिक्षक

पाळकसाहेब, हा फरक मला कोणी आठ वर्षांपूर्वी सांगितला असता तर बरे झाले असते. माझा विरोध मी अजूनही पूर्ण मागे घेत नाही, कारण मंडळीत मोठी प्रार्थना मोठ्याने झाली की रोग्यावर तिचे ओझे पडते, हे मी पाहिले आहे. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात. पण कुष्ठरोग्याची ती प्रार्थना माझ्या पत्नीला करता आली असती, आणि करून झाल्यावर तिला माझ्याजवळ रडताही आले असते.

ताई, एक प्रश्न विचारतो. बार्तिमयाला प्रभूने 'मी तुझ्यासाठी काय करावे?' असे विचारले, हे तुम्हीच लिहिले आहे. तो आंधळा आहे हे समोर दिसत असतानाही विचारले. तुमच्या दिरांना हे कोणी विचारले आहे काय? माझ्या पत्नीला आम्ही कोणीही विचारले नव्हते.

धागाकर्ती (अहिल्यानगर)

दादा, नाही. कोणीही विचारले नव्हते, मीही नाही. त्यांच्यासाठी काय मागावे यावर मी इथे इतके लिहिले, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलले, नवऱ्याशी वाद घातला, आणि ते पलीकडच्या खोलीत होते.

काल रात्री मुली झोपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारले. आता त्यांचे बोलणे जड झाले आहे, एकेक शब्द थांबून येतो. ते म्हणाले, "वहिनी, मला बरे व्हायचे आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मला भीती वाटते, ती कुणी ऐकून घेत नाही." मी पाळकसाहेबांनी सांगितलेली दोन्ही माणसे त्यांना वाचून दाखवली. मुलाच्या बापाची ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितली.

माझे मूळ मत मी इतके बदलते की 'तुझी इच्छा असेल तर' या शब्दांवर माझा राग उरलेला नाही. मात्र त्यांच्या आधीची जागा मी पुन्हा रिकामी सोडणार नाही. उपासक यांना एवढेच सांगते की लाट मी आहे, हे मला मान्य आहे, पण या आजारात दुसरीकडे पाय ठेवायला माझ्याजवळ दुसरा किनाराच नाही.

या बुधवारी सभा आमच्याच घरी आहे. विनंती आपण स्वतः देणार, असे दिरांनी सांगितले आहे. आवाज सर्वांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून थोरली पुतणी त्यांच्या शेजारी बसेल आणि ते जे म्हणतील ते शब्द न बदलता वहीत लिहील.