फाटी फोडायला कुठली कुऱ्हाड घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवरूखजवळ आहे, घरात गॅस आहे पण आंघोळीचं पाणी अजून बंबावरच तापतं आणि पावसात मागच्या पडवीतली चूलही पेटते, त्यामुळे मिरगाच्या आत फाटी फोडून माळ्यावर गेली पाहिजेत. इतकी वर्षं बाबा फोडायचे, यंदा त्यांचा खांदा दुखावलाय आणि फोडणारा माणूस आज येतो उद्या येतो करतोय, म्हणून मीच हातात घेतलंय.

माल असा आहे: अकेशियाची दोन झाडं आणि आंब्याच्या कलमाची एक मोठी फांदी, चेनसॉवाल्याकडून दीड-दीड फुटाचे ओंडके करून घेतलेत. बहुतेक ८-१० इंच जाडीचे आहेत, बुंध्याकडचे चार-पाच मात्र चांगले दीड फुटी आणि गाठाळ.

बाबांची कुऱ्हाड लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याची करून दिलेली, पातं पातळ. फांद्या तोडायला ती झकास आहे पण फोडायला घेतली की सरळ ओंडक्यात रुतून बसते आणि मग तिला हलवून हलवून काढण्यातच जीव जातो. आता कळतंय की तोडायचं पातं लाकडाचे रेषे कापत आत जातं, फोडायला मात्र दोन्हीकडून ढकलणारी जाड पाचर लागते. रुतलेल्या कुऱ्हाडीवर मी मागून घण घालत होते तर बाबा ओरडले, दांड्याचं भोक पसरतं आणि पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जातो म्हणून.

मग बाजारातून एक तयार कुऱ्हाड आणली, तिसऱ्या दिवशी पातं दांड्यातून निसटून थेट पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पडलं. भाचा पाच मिनिटांपूर्वी तिथेच खेळत होता, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. बाबा म्हणतात उन्हाने लाकडी दांडा आकसतो, रात्रभर पाण्यात घालून ठेव, पण तो फुगून बसला तरी वाळला की परत ढिला, हा काही कायमचा उपाय वाटत नाही.

तर आता ऑनलाइन ते मॉल म्हणून मिळतं ते बघतेय, एका बाजूला पाचरीसारखं जाड पातं आणि मागे घण. ६ पौंडी म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास आणि ८ पौंडी साडेतीनच्या वर. माझी उंची ५ फूट २ इंच, शेतातल्या कामाची सवय आहे पण तासभर ८ पौंडी उचलणं मला झेपेलसं वाटत नाही, आणि दमल्यावर नेम चुकतो हीच खरी भीती. फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीची ३६ इंची दांड्याची कुऱ्हाड पण बघितली, ती वजनाला हलकी आहे. बुटक्या माणसाने आखूड दांडा घ्यावा असं मला वाटायचं पण वाचलं की आखूड दांड्याचा घाव चुकला तर तो नडगीवर येतो आणि लांब दांड्याचा पुढे जमिनीत जातो. हे बरोबर आहे का? कोणी कमी उंचीच्या बाईने लांब दांडा वापरलाय का?

दुसरं म्हणजे फायबरचा दांडा इथे तुटला तर बदलून कोण देणार, लाकडी असेल तर धामणीचा दांडा गावातला सुतार बसवून देतो. की हे सगळं सोडून लोहाराकडून कमानपाट्याच्याऐवजी जाड पोलादाची अडीच किलोची पाचरी कुऱ्हाड करून घेऊ, आणि गाठाळ ओंडक्यांसाठी दोन लोखंडी पाचरी आणि घण? लोहाराला धारेचा कोन किती सांगायचा हे मात्र मला समजत नाहीये.

आणि अकेशिया ओला असताना फोडावा की वाळवून? ओला थोडा सोपा गेला मला, कलमाची फांदी मात्र दोन्ही वेळा चिवट, मधोमध घाव घालण्यापेक्षा कडेने ढलप्या काढल्या तर जमतंय. ओंडका जुन्या टायरमध्ये उभा करून फोडते, त्यामुळे तुकडे उडत नाहीत, वाकून गोळाही करावे लागत नाहीत.

शनिवारी लोहाराकडे जायचंय, त्याआधी ज्यांनी स्वतः फोडलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.