मदत हवी आहे: नकाशात वादळाच्या जागीच भोक पडतंय

खारंपाणी: लोकहो अर्जंट आहे. समुद्राच्या तापमानाचा उपग्रहाचा डेटा उतरवला, नकाशा काढला तर वादळ जिथंय नेमकं तिथंच पांढरं भोक, चारदा डाउनलोड केलं, कोड बरोबर आहे, सोमवारी सरांना दाखवायचंय. काय करू?

बिनपगारी: कुठलं वादळ? कुठला उपग्रह? आम्हाला काय स्वप्न पडतं?

खारंपाणी: सॉरी. तौक्ते, मे २०२१. मोडिस, म्हणजे नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरचं उपकरण.

जुनाखलाशी: मग कोडला कशाला दोष, मोडिसचं तापमान इन्फ्रारेडवरून, ढगाखालचं त्याला दिसतच नाही. एएमएसआर-२ घे, जपानी उपग्रहावरचा सेन्सर, मायक्रोवेव्ह आहे, ढगातून बघतो. फक्त धो धो पावसात तोही आंधळा.

बिनपगारी: अर्धवट सल्ला. आपल्या गोलार्धात वादळ गेलं की मार्गाच्या उजवीकडचं पाणी जास्त गार होतं. तौक्ते किनारा धरून वर गुजरातकडे गेलं, म्हणजे उजवीकडे आपला किनारा, आणि मायक्रोवेव्हला नेमका किनाऱ्यालगतचा पट्टा वाचता येत नाही, जमिनीची भेसळ होते. आर्गो फ्लोट बघ, समुद्रात सोडलेली बुडी मारून वर येणारी यंत्रं, खरं पाण्यातलं तापमान.

जुनाखलाशी: आर्गो साधारण १० दिवसांतून एकदा वर येतो, वादळाची वाट बघत बसतो का? आणि २००० मीटर बुडी मारणारा फ्लोट किनाऱ्याजवळ आणणार कुठून?

वारेमाप: वाऱ्यासाठी इस्रोचा स्कॅटसॅट-१ उपग्रह बेस्ट!

बिनपगारी: वारा कुणी विचारला? आणि तो फेब्रुवारी २०२१ लाच बंद पडला.

सुपारीवाली: अवांतर, तौक्ते नाव म्यानमारचं, अर्थ पाल. आमची बाग मात्र निसर्ग वादळानं आडवी केली, ३ जून २०२०, श्रीवर्धनच्या बाजूला. अजून पोफळी धड उभ्या नाहीत हो.

खारंपाणी: काकू वाईट वाटलं. पण एमयूआर वापरू का, तो अनेक उपग्रहांचा डेटा जोडून केलेला तयार तापमान नकाशा? त्यात भोकच नाहीये.

जुनाखलाशी: नाहीये कारण बुजवलंय. ढगाखाली आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज असतो, सर विचारतील तेव्हा काय सांगशील? त्यापेक्षा मोडिसच ठेव, पण वादळाच्या आधीचे दिवस आणि ढग सरल्यानंतरचे, दोन्हींतला फरक काढ. गार पट्टा लगेच पुसला जात नाही, बरेच दिवस राहतो. आणि रात्रीच्याच फाइल्स घे बरं, दिवसा उन्हानं वरचा पापुद्रा तापतो.

खारंपाणी: रात्रीच्या?? माझ्या सगळ्या दिवसाच्याच आहेत 😭

बिनपगारी: आणि म्हणे कोड बरोबर आहे.