सीए ऑफिसचं ईमेल प्रोटॉनवर न्यायचंय, काय काय अडेल?

हिशेबनीस: नमस्कार मंडळी. ८ जणांचं ऑफिस, स्वतःचं डोमेन, सगळे आउटलुकवर. क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट मेलवरच येतात-जातात. प्रोटॉन मेल (एन्क्रिप्टेड ईमेल सेवा) घेतलं तर क्लायंटलाही खातं काढावं लागेल का?

कुलूपकिल्ली: नाही. बाहेरच्या पत्त्यावर पाठवताना मेलला पासवर्ड लावा, समोरच्याला लिंक जाते. पासवर्ड फोनवर सांगा. आणि कृपा करून पॅन अधिक जन्मतारीख हा आवडता फॉर्म्युला नको. पासवर्ड न लावता जीमेलवर पाठवलेली मेल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल अशी) नसते. विषयाची ओळ तर पासवर्ड लावूनही तशी एन्क्रिप्टेड नसते, तिथे क्लायंटचं नाव-पॅन टाकू नका. टुटा ही दुसरी तशीच सेवा विषयही एन्क्रिप्ट करते, पण त्यात आयमॅप (आउटलुकसारख्या अ‍ॅपमध्ये मेल आणायची पद्धत) नाही, म्हणजे आउटलुक बाद. प्रोटॉनला आउटलुकशी जोडायला प्रत्येक पीसीवर ब्रिज हे त्यांचं अ‍ॅप टाकावं लागतं, ते फक्त पेड प्लॅनमध्ये.

डीएनएसवाला: खरी गडबड डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये होते. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ३०० करा, आधी सगळे पत्ते तयार करा, मगच एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर जाईल ती नोंद) बदला. जुना एसपीएफ रेकॉर्ड (तुमच्या डोमेनवरून कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) तसाच ठेवून दुसरा टाकला की दोन्ही निकामी. एकच ठेवा, त्यात लुकअप (इतर डीएनएस नोंदी बघायला लावणारे उल्लेख) १० च्या आत. डीकेआयएमचे (मेलवरच्या डिजिटल सहीचे) प्रोटॉनने दिलेले तिन्ही सीनेम रेकॉर्ड टाका. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) आधी नन, म्हणजे काही करू नका; रिपोर्ट बघून क्वारंटाइन, म्हणजे स्पॅममध्ये टाका. जुनं होस्टिंग महिनाभर चालू राहू द्या.

कुलूपकिल्ली: राहिलंच: प्रोटॉनची रिकव्हरी फ्रेज (खातं परत मिळवायची शब्दांची ओळ) छापून तिजोरीत ठेवा. ती नसताना पासवर्ड रीसेट केला तर खातं उघडतं, जुन्या मेल मात्र सहसा वाचता येत नाहीत.

हिशेबनीस: ब्रिज बंद असेल तर आउटलुकमध्ये मेल येणारच नाही?

डीएनएसवाला: नाही येणार. पीसी सुरू होताच ब्रिज आपोआप चालू होईल असं लावून ठेवा.